ऑनलाइन मर्दानगी आणि लोकशाहीविरोधी राजकारण : दक्षिण कोरियाचा अनुभव

३ डिसेंबर २०२४ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी दूरचित्रवाणीवरून देशात लष्करी कायदा लागू केल्याचे जाहीर केले. संसदेसह सर्व राजकीय हालचाली, सभा, मोर्चे यांवर बंदी आली. हेलिकॉप्टरमधून सैनिक संसदेच्या आवारात उतरले. खासदार कुंपणावरून चढून आत गेले आणि रात्री एकच्या सुमारास हजर असलेल्या सर्वच्या सर्व १९० जणांनी लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिले. पहाटे युन यांना माघार घ्यावी लागली.

ही घटना सहसा सत्ता, विरोधी पक्ष आणि लष्कर यांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तिला आणखी एक धागा आहे आणि तो पंधरा वर्षे मागे जातो. त्या धाग्यात विशीतले चिडलेले तरुण आहेत, विनोदाच्या नावाखाली चालणारे एक संकेतस्थळ आहे आणि बंद करून टाकायचे म्हणून जाहीर केलेले एक स्त्रीविषयक मंत्रालय आहे. आम्ही वस्तीपातळीवर तरुणांसोबत काम करतो. मुलांच्या हातातला मोबाइल त्यांना पुरुष असण्याबद्दल काय शिकवतो, हा प्रश्न आमच्यासमोर रोजचा आहे. त्या शिकवणीचे देशाच्या राजकारणात काय होऊ शकते, हे कोरियात सगळ्यात स्पष्ट दिसते, म्हणून हा लेख.

आधी शब्दांविषयी थोडे

पुरुषांवर अन्याय होतो आहे, स्त्रिया आणि स्त्रीवाद त्याला जबाबदार आहेत, या धारणेवर उभी राहिलेली संकेतस्थळे, यूट्यूब वाहिन्या, टेलिग्राम गट आणि रील्स यांच्या जाळ्याला इंग्रजी जगात 'मॅनोस्फिअर' म्हणतात. त्यातला 'इन्सेल' हा शब्द, म्हणजे मनाविरुद्ध एकटा राहिलेला माणूस, १९९० च्या दशकात कॅनडातील एका तरुणीने वापरात आणला होता. तिने एकट्या पडलेल्या स्त्री-पुरुषांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक पान सुरू केले होते. पुढे तो शब्द पुरुषांच्या द्वेषगटांनी ताब्यात घेतला. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील आयला व्हिस्टा येथे आणि २०१८ मध्ये टोरोंटोत झालेली हत्याकांडे या विचाराशी थेट जोडलेली होती. अमेरिकेतील 'प्राउड बॉईज' ही केवळ पुरुषांना प्रवेश देणारी संघटना २०१६ मध्ये स्थापन झाली आणि ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेवर झालेल्या हल्ल्यात तिचे नेते पुढे होते. म्हणजे दुखावलेले पुरुषत्व आणि निवडणूक उलटवण्याचा प्रयत्न यांची गाठ कोरियाच्या आधीच पडलेली आहे. पण अमेरिकेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, कोरियाबद्दल मराठीत फार कमी.

'लोकशाही' ही शिवी झाली तेव्हा

कोरियातील 'डीसी इनसाइड' हे संकेतस्थळ १९९९ मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांच्या चर्चेसाठी सुरू झाले. त्यातल्या सर्वाधिक पसंतीच्या पोस्ट साठवण्याच्या उद्योगातून 'इल्बे' नावाचे वेगळे संकेतस्थळ २०१० च्या आसपास उभे राहिले. इल्बे म्हणजे 'दैनिक सर्वोत्कृष्ट'चे लघुरूप. नियम साधा होता. ज्या पोस्टला जास्त मते, ती वर. मते मिळतात ती धक्का देणाऱ्याला, म्हणून रोज कालच्यापेक्षा थोडे अधिक हिणकस लिहावे लागे. कोरियन भाषेत वय आणि पद पाहून आदरार्थी रूपे वापरावी लागतात. इल्बेवर मात्र सगळे एकमेकांना अरेतुरे करत. स्त्री असल्याचे उघड करणाऱ्या सदस्याला तिथे थारा नव्हता. वरवर पाहता ही समता वाटेल. ती फक्त आत असलेल्यांपुरती होती.

या संकेतस्थळावरची एक गोष्ट आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते. पोस्ट आवडली नाही तर दाबायच्या बटनाचे नाव होते 'लोकशाहीकरण'. एखाद्याला 'लोकशाही करून टाकणे' म्हणजे त्याला खाली दाबणे, गप्प करणे. हा शब्दप्रयोग इतका पसरला की २०१३ मध्ये एका लोकप्रिय गायिकेने रेडिओवर तो सहज वापरला आणि नंतर तिला माफी मागावी लागली. ज्या देशात १९८७ मध्ये लाखो लोकांनी रस्त्यावर उतरून लष्करशहांकडून थेट निवडणूक मिळवली, तिथे पंचवीस वर्षांत त्या लढ्याचे नावच टिंगलीचे झाले.

टिंगल कोणाची होई हेही पाहायला हवे. एक म्हणजे स्त्रिया. दुसरे म्हणजे जोल्ला प्रांतातले लोक, ज्यांच्याविषयी कोरियात जुना प्रादेशिक आकस आहे. मे १९८० मध्ये याच प्रांतातल्या ग्वांगजू शहरात लष्कराने लोकशाहीवादी उठाव चिरडला. २०१३ मध्ये इल्बेच्या एका सदस्याने त्या मृतांच्या शवपेट्यांच्या छायाचित्राला पार्सल म्हणून हिणवले. २०१४ च्या एप्रिलमध्ये सेवोल बोट बुडून ३०४ जण मेले, त्यातले बहुतेक शाळकरी मुले. त्यांचे आईवडील सप्टेंबरमध्ये सेऊलच्या चौकात उपोषणाला बसले असताना इल्बेचे सदस्य त्यांच्यासमोर येऊन पिझ्झा खात बसले. मेलेल्यांची, शोक करणाऱ्यांची, न्याय मागणाऱ्यांची थट्टा करणे म्हणजे कणखर असणे, ही तिथली मर्दानगी होती. ज्याला वाईट वाटते तो कमजोर.

हा सगळा राग आपोआप उगवला असेही नाही. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी देशाच्या गुप्तचर संस्थेनेच खोट्या खात्यांवरून विरोधी उमेदवाराविरुद्ध शेरे लिहिल्याचे सिद्ध झाले आणि संस्थेच्या माजी प्रमुखाला तुरुंगवास झाला. ऑनलाइन द्वेष हा उत्स्फूर्त जनमताचा आवाज आहे असे कोणी म्हणाले की आम्हाला हे उदाहरण आठवते.

राग कुठून येतो

या तरुणांना केवळ वाईट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते परवडत नाही. कोरियात सक्षम पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते, भूदलात सध्या १८ महिने. पूर्वी सरकारी नोकरीच्या परीक्षेत या सेवेबद्दल जादा गुण मिळत. १९९९ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने हे गुण स्त्रियांवर आणि अपंगांवर अन्याय करतात म्हणून रद्द केले. निकाल तर्काला धरून होता. पण सेवा तशीच राहिली, तिच्या बदल्यात दुसरे काही मिळाले नाही. विशीतल्या मुलाला वाटते की आपण दीड वर्ष बराकीत घालवले आणि तेवढ्यात वर्गातली मुलगी पुढे निघून गेली. या वाटण्यात तथ्याचा अंश आहे. हा अंश नाकारणारे प्रबोधन कोणी ऐकत नाही.

त्यात घरांच्या किमती, जीवघेण्या परीक्षा, कायम नोकऱ्यांची टंचाई. मुलगा हवा म्हणून गर्भातच मुली मारल्या गेल्यामुळे १९९० मध्ये कोरियात दर १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मले होते. ती पिढी आता पस्तिशीत आहे. पितृसत्तेने केलेल्या हत्यांचे बिल तिच्याच मुलांच्या एकटेपणात फाटले, पण राग मात्र हयात असलेल्या मुलींवर निघाला.

या पिढीचा लाडका शब्द 'न्याय्यता'. त्याचा अर्थ सर्वांना समान वाटा असा नाही, तर परीक्षेत जो वर त्यालाच सारे असा. २०२० मध्ये इंचॉन विमानतळावरील सुमारे १,९०० कंत्राटी सुरक्षा तपासनिसांना कायम करण्याची घोषणा झाली तेव्हा तरुण खवळले. आम्ही अभ्यास करून मरतो आणि यांना आयते? कंत्राटी सफाई कामगारांच्या कायम होण्यावरून किंवा आरक्षणावरून आपल्याकडे जे बोलले जाते ते आठवा. 'मेरिट' हा शब्द इथलाही आहे आणि तिथलाही. तो बहुतेकदा खालच्याला वर येताना पाहूनच उच्चारला जातो.

प्रत्यक्षात कोरियात पुरुष आणि स्त्री यांच्या वेतनातली तफावत तीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि विकसित देशांच्या ओईसीडी गटात ती वर्षानुवर्षे सर्वाधिक राहिली आहे. तरीही विशीतल्या अनेक मुलांना प्रामाणिकपणे वाटते की भेदभाव त्यांच्यावरच होतो. त्यांच्या डोळ्यांसमोर वेतनाचे तक्ते येत नाहीत, पडद्यावरच्या पोस्ट येतात.

चिमटीचे भूत

२०१५ मध्ये मर्सच्या साथीत, दोन कोरियन तरुणींनी परदेशात विलगीकरणाला नकार दिल्याची अफवा पसरली आणि ऑनलाइन जगात स्त्रियांवर शिव्यांचा पाऊस पडला. तेव्हा काही स्त्रियांनी तेच शब्द, तेच विनोद उलटे करून पुरुषांवर वापरायला सुरुवात केली. त्यातून 'मेगालिया' हे संकेतस्थळ निघाले. इल्बेवर कोरियन स्त्रीला 'किमची बाई' म्हणत, मेगालियाने पुरुषांसाठी तसाच शब्द काढला. मेगालियाच्या चिन्हात अंगठा आणि तर्जनीची चिमूट होती. चेष्टा पुरुषाच्या अवयवाच्या लांबीची होती, हे सांगायला नको. आरसा दाखवण्याच्या या पद्धतीबद्दल मतभेद होऊ शकतात. आमच्या मते ती तात्पुरती परिणामकारक होती आणि फार काळ टिकणारी नव्हती. संकेतस्थळही लवकरच ओस पडले.

१७ मे २०१६ रोजी सेऊलच्या गंगनम स्थानकाजवळील स्वच्छतागृहात २३ वर्षांच्या एका अनोळखी तरुणीचा खून झाला. स्त्रिया आपल्याला तुच्छ लेखतात, असे मारेकऱ्याने सांगितले. पोलिसांनी त्याच्या मानसिक आजारावर बोट ठेवले. स्थानकाचे १० क्रमांकाचे दार मात्र स्त्रियांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्यांनी भरून गेले आणि एका पिढीचा स्त्रीवाद तिथून उभा राहिला. पुढे टेलिग्रामवरील 'एन्थ रूम' प्रकरण आले, ज्यात मुलींना धमकावून त्यांचे लैंगिक शोषण करणारे चित्रण विकले जात होते. ते दोन विद्यार्थिनी-पत्रकारांनी शोधून काढले आणि मुख्य आरोपीला ४२ वर्षांची शिक्षा झाली.

मेगालिया संपले, पण चिमटीचे भूत राहिले. २०२१ मध्ये जीएस २५ या दुकानसाखळीच्या जाहिरातीत सॉसेज उचलणारी दोन बोटे दिसली, आणि हे पुरुषद्वेषाचे गुप्त चिन्ह आहे म्हणून इतका गदारोळ झाला की कंपनीला माफी मागावी लागली. त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाज आन सान हिने तीन सुवर्णपदके जिंकली, आणि केस आखूड आहेत म्हणजे ती स्त्रीवादी असणार म्हणून तिच्यावर हल्ले झाले. हास्यास्पद वाटते. पण कंपन्या माफी मागतात तेव्हा त्या मुलांना पहिल्यांदा कळते की आपल्या कळफलकात ताकद आहे. राजकीय पक्षांनाही ते कळते.

सात अक्षरे

एप्रिल २०२१ मध्ये सेऊलच्या महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत, मतदानोत्तर चाचणीनुसार विशीतल्या ७२.५ टक्के पुरुषांनी पुराणमतवादी उमेदवाराला मत दिले. दोन महिन्यांनी 'पीपल पॉवर' पक्षाने ३६ वर्षांच्या ली जून-सोक यांना अध्यक्ष केले. स्त्रीवादाचा विरोध हीच त्यांची ओळख होती. ७ जानेवारी २०२२ रोजी या पक्षाचे अध्यक्षीय उमेदवार युन यांनी फेसबुकवर कोरियन लिपीतली फक्त सात अक्षरे टाकली. अर्थ होता, स्त्री आणि कुटुंब मंत्रालय बंद. कारण नाही, पर्याय नाही. ती धोरणाची घोषणा कमी आणि इल्बेवरची पोस्ट जास्त होती. पुढच्या महिन्यात एका मुलाखतीत त्यांनी संरचनात्मक लिंगभेद आता उरलेला नाही असेही सांगितले.

मार्चमध्ये ते ०.७३ टक्के मतांच्या फरकाने निवडून आले. मतदानोत्तर चाचणीत विशीतल्या ५८.७ टक्के पुरुषांनी त्यांना आणि त्याच वयाच्या ५८ टक्के स्त्रियांनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला मत दिल्याचे दिसले. एकाच वर्गात शिकलेली मुले-मुली दोन वेगळ्या देशांत राहत असावीत तसे. संसदेत बहुमत नसल्याने मंत्रालय बंद करता आले नाही, तेव्हा फेब्रुवारी २०२४ नंतर मंत्रिपद रिकामेच ठेवले गेले. कायदा बदलता येत नसेल तर संस्था उपाशी ठेवायची, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या योजनांचा निधी वळवला जातो तेव्हा हेच घडते.

इथेच स्त्रीविरोधी राजकारण लोकशाहीविरोधी कसे होते ते कळते. आधी एका समूहाच्या हक्कांना 'विशेष सवलत' ठरवले जाते. मग त्या हक्कांचे रक्षण करणाऱ्या संस्था 'पक्षपाती' ठरतात. त्यानंतर न्यायालय, निवडणूक आयोग, संसद कोणीच निःपक्ष उरत नाही. युन यांनी लष्करी कायद्याचे समर्थन करताना राष्ट्रविरोधी शक्तींचा बागुलबुवा उभा केला आणि त्या रात्री निवडणूक आयोगातही सैनिक धाडले, कारण उजव्या यूट्यूब वाहिन्यांवरचा मतचोरीचा सिद्धान्त त्यांनी खरा मानला होता. १ जानेवारी २०२५ रोजी घराबाहेर जमलेल्या समर्थकांना पाठवलेल्या पत्रात, आपण तुमची धडपड यूट्यूबवर थेट पाहत आहोत असे त्यांनीच लिहिले.

१९ जानेवारीच्या पहाटे सेऊलच्या पश्चिम जिल्हा न्यायालयाने त्यांच्या अटकेचे वॉरंट काढले आणि जमाव न्यायालयात घुसला. खिडक्या फुटल्या, वॉरंट काढणाऱ्या न्यायाधीशाला मजल्यामजल्यांवर शोधण्यात आले. पकडलेल्यांपैकी जवळपास निम्मे विशी-तिशीतले होते. कोरियातल्या उजव्या मोर्चांत तोवर म्हातारी माणसेच जास्त दिसत. आता त्यांच्या हातातल्या अमेरिकी झेंड्यांशेजारी मोबाइलवर थेट प्रक्षेपण करणारे नातवाच्या वयाचे तरुण उभे होते.

आपल्याकडचा साचा

कोरियन तरुणांची तक्रार आणि आपल्याकडची 'गैरवापरा'ची तक्रार एकाच साच्यातून निघते. २७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने राजेश शर्मा प्रकरणात कलम ४९८-अ च्या गैरवापराचा मुद्दा उचलून अटकेआधी कुटुंब कल्याण समितीची गाळणी बसवली. २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या सुभाष महाजन प्रकरणात त्याच दोन न्यायमूर्तींनी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या गैरवापराचा मुद्दा उचलून तिथेही अटकेआधी चाळणी लावली. २ एप्रिलचा भारत बंद, ऑगस्टमधली कायदादुरुस्ती आणि २०१९ मध्ये न्यायालयाने मागे घेतलेले निर्देश आपल्या लक्षात आहेत. २०१७ चा निकाल मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या समित्याही रद्द झाल्या, पण त्यासाठी आपल्या मोर्चांत घोषणा नव्हत्या.

हे सांगण्याचे कारण असे की '४९८ च्या खोट्या केसेस' या विषयावरची रील आज आपल्या वस्तीतला मुलगाही हसत पुढे पाठवतो. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूतील एका अभियंत्याच्या आत्महत्येनंतर अशा रील्सना पूर आला. त्या मृत्यूचे दुःख खरे आहे. त्यावर उभा केलेला बाजार वेगळा आहे, आणि त्या बाजारात आज बायकोच्या जागी ठेवलेला शब्द उद्या आपल्या जातीच्या जागी ठेवला जातो. २०२१ चे 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ चे 'बुल्ली बाई' ही अ‍ॅप्स मुस्लिम स्त्रियांचा 'लिलाव' मांडत होती. पकडले गेलेले आरोपी विशीच्या आसपासचे शिकलेले तरुण होते. डॉ. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल दिलेला इशारा आपण दरवर्षी वाचतो. पडद्यावरच्या बाहुबली 'भाई'ची भक्तीही त्याच इशाऱ्यात येते, मग त्याच्या मागे कोणत्याही रंगाचा झेंडा असो.

दिव्यांच्या कांड्या

कोरियातल्या त्या हिवाळ्यात संसदेसमोर जमलेल्या गर्दीत सगळ्यात मोठा गट विशीतल्या स्त्रियांचा होता. मेणबत्त्यांऐवजी त्यांच्या हातात गाण्यांच्या कार्यक्रमात हलवायच्या दिव्यांच्या कांड्या होत्या. २१ डिसेंबरला ट्रॅक्टर घेऊन सेऊलकडे निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी नामथेरयोंग खिंडीत अडवले. समाजमाध्यमांवर हाक गेली आणि शेतीशी काडीचा संबंध नसलेल्या शहरी मुली रात्रभर गोठवणाऱ्या थंडीत त्या ट्रॅक्टरांशेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पोलिसांना वाट मोकळी करावी लागली. तोच मोबाइल, तीच पिढी. ज्या तंत्रज्ञानाने इल्बे वाढवले त्यानेच ही खिंड भरली, म्हणून केवळ तंत्रज्ञानाला दोष देणारे स्पष्टीकरण आम्हाला अपुरे वाटते. फरक त्या मुलींजवळ काय होते याचा आहे. त्यांच्याजवळ गंगनमपासून जमलेली एकमेकींची ओळख होती. रागावलेल्या मुलांजवळ फक्त मते मोजणारे यंत्र होते. त्यांचे दुःख ऐकून घेणारी संघटना, कामगार चळवळ, शेजार यांपैकी फारसे काही नव्हते, आणि ली जून-सोक तेवढे होते.

४ एप्रिल २०२५ रोजी संविधान न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी युन यांना पदावरून काढले. ३ जूनच्या निवडणुकीत ली जे-म्युंग जिंकले. आता वेगळा पक्ष काढलेल्या ली जून-सोक यांना देशभरात ८ टक्क्यांच्या थोडी वर मते पडली. त्या प्रचारात टीव्हीवरील वादचर्चेत त्यांनी स्त्रीच्या शरीराविषयीचा एक हिंसक ऑनलाइन शेरा उच्चारून संताप ओढवून घेतला होता. तरी मतदानोत्तर चाचणीत विशीतल्या पुरुषांमध्ये त्यांचा वाटा ३७ टक्क्यांवर होता आणि युन यांच्या पक्षाच्या उमेदवाराचाही जवळपास तेवढाच. लष्करी कायद्याची रात्र पाहूनही त्या वयाच्या दर चार पुरुषांपैकी सुमारे तिघांनी या दोघांपैकी एकाला निवडले. त्यातल्या सर्वांना लष्कर हवे होते असे म्हणणे चूक ठरेल. पण लष्कर आले हे त्यांना मत बदलण्याइतके मोठे वाटले नाही, एवढे नक्की.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या सरकारने ते मंत्रालय वाढवले आणि नाव बदलून 'लैंगिक समता आणि कुटुंब मंत्रालय' केले. पुरुषांना जिथे अन्याय वाटतो त्या बाबींचा अभ्यास करण्याचे कामही त्याच मंत्रालयाकडे देण्यात आले. यावर काही स्त्री संघटनांना शंका आहे, आणि ती रास्त आहे. लष्करी सेवेचा दीड वर्षांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.